प्रतबाईंनी टाइप केलेली हरकत

आमच्या कॉलनीत कुणाला कागद करायचा झाला की पाय आपोआप तिसऱ्या इमारतीच्या तळमजल्याकडे वळायचे. नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार असो, पोराच्या दाखल्यावरची जन्मतारीख चुकलेली असो, की कुणाला बदली मागायची असो, खिडकीशी टाइपरायटर लावून बसलेल्या बाई वर न बघता हात पुढे करायच्या. कच्चा मजकूर त्या हातावर ठेवायचा आणि समोरच्या स्टुलावर गप्प बसायचं. काम झालं की कागद देताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, "प्रत ठेवलीत ना?" समोरच्यानं ठेवलेली नसायचीच. मग स्वतःजवळची कार्बन प्रत दाखवून त्या म्हणायच्या, "राहू दे, माझ्याकडे आहे." यावरून त्यांना प्रतबाई हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं.

बाईंनी आधी कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात आणि मग थेट त्या कचेरीत, निवृत्त होईपर्यंत हेच काम केलं. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी, आई गेल्यावर एकट्या. त्यांची कामाची रीत न्यारी होती. "टाइप करणाऱ्यानं अक्षरं वाचावीत, मजकूर वाचू नये," असं त्या म्हणायच्या. "मजकुरात मन गेलं की बोट चुकतं." कागद तपासताना तर त्या शेवटच्या शब्दापासून उलट वाचत यायच्या. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे धावतो आणि चूक निसटते. उलट वाचलं की प्रत्येक शब्द एकटा सापडतो, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे निम्म्या कॉलनीची भांडणं आणि आजारपणं त्यांच्या बोटांखालून गेली, पण एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली नाही. आमच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तर खालचे औषध सुचवतात, तेव्हा ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता माझ्याविषयी. मी कॉलनीच्या कमिटीचा चिटणीस होतो. हे पद मला कुणी दिलं नव्हतं. दुसरं कुणी घेईना म्हणून ते माझ्याकडे आलं होतं. पण एकदा आल्यावर ते माझ्या चांगलंच अंगात भिनलं. पोटासाठी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचे आणि उरलेल्या वेळात लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, असा माझा दिनक्रम होता.

कॉलनीच्या पाच इमारती. पाचवीच्या पुढे एक मोकळी जागा होती, तिला आम्ही 'आपलं मैदान' म्हणायचो. ते आपलं कधी आणि कसं झालं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. अर्ध्या भागात आमच्या गाड्या उभ्या असायच्या, उरलेल्या अर्ध्यात गुडघाभर गवत. एका सकाळी त्या गवतात पत्र्याचा फलक उभा राहिला: भूखंड क्रमांक अठरा, कमी उत्पन्न असलेल्यांसाठी शहाण्णव घरे, हरकती तीस दिवसांत लेखी कळवाव्यात.

कॉलनीचं पित्त खवळलं. संध्याकाळी माझ्या घरी बैठक भरली. पाचव्या इमारतीतले निवृत्त ड्रिल मास्तर सगळ्यात तापले होते, कारण नवी इमारत त्यांच्याच गॅलरीसमोर येणार होती.

"शहाण्णव घरं म्हणजे पाचशे माणसं!" ते म्हणाले. "पाणी कुठून आणायचं एवढ्यांना? आणि माणसं तरी कसली येणार? आज जिन्यात थुंकतील, उद्या सायकली पळवतील."

"गरिबांना घरं मिळू नयेत असं आपलं म्हणणं नाही," मी समंजसपणे म्हणालो. "पण इथेच का?"

हे 'पण इथेच का' मला इतकं आवडलं, की त्या बैठकीत मी ते तीनदा म्हटलं.

आतल्या बाजूला पडद्यामागे त्या वेळी माझ्या आईला सांभाळायला ठेवलेली ताई तिला जेवण भरवत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणालाच होती आणि तिचं सगळं ताईच करायची. ताई दोन बस बदलून यायची. पहाटे पावणेसहाला घर सोडायची, परत पोचायला तिला रात्रीचे आठ वाजायचे. नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली की आतून कडी लावून आईची वाट बघत बसायची. कधी मुलीचा फोन लागला नाही, तर घास भरवता भरवता ताईचा हात मध्येच थांबायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की फलकावरच्या शहाण्णव घरांतल्या एका घरासाठी तिनं अर्ज केला होता. ते मिळालं तर मुलगी हाकेच्या अंतरावर राहणार होती. नाही मिळालं तर वर्षअखेरीस काम सोडून, मुलीला घेऊन, दूर भावाच्या दारात जाऊन पडण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तो अर्ज प्रतबाईंनीच भरून दिला होता, आणि अर्थातच त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या.

ताई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मास्तर 'तसले लोक' या शब्दांपर्यंत आले होते. तिनं सगळ्यांसमोर कप ठेवले. मास्तरांना बिनसाखरेचा लागतो, हे तिच्या बरोबर लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रतबाईंच्या स्टुलावर जाऊन बसलो.

"बाई, असा अर्ज करा की कचेरीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं पाहिजे."

"कच्चा मजकूर?"

"तो तुम्हीच जुळवा. मी मुद्दे सांगतो." आणि मी बोटांवर मोजत मुद्दे सांगितले. पाणी, गर्दी, चोऱ्या, शाळेवरचा ताण, घाण, आणि आमच्या घरांची उतरणारी किंमत.

बाईंची नजर मशीनवरून उठून माझ्यावर आली. असं सहसा होत नसे. "याचा नमुना आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "हेच मुद्दे. जवळपास याच क्रमानं."

"मग तर कामच झालं!"

"जसाच्या तसा वापरू?"

"अहो, जसाच्या तसा! तुमच्या नमुन्याला हात लावणारा मी कोण?"

हे माझे शब्द. पुढे मला ते पुष्कळदा आठवले.

तोवर मी आणि मास्तरांनी दारोदार फिरून रेघा मारलेल्या कागदांवर एकशे त्रेचाळीस सह्या गोळा केल्या. अर्ज कुठे आहे, असं एकानंही विचारलं नाही. "प्रतबाई टाइप करतायत," एवढं सांगितलं की लोक पेन मागायचे. बाईंनी मात्र या वेळी कधी नव्हे तो उशीर लावला. तिसाव्या दिवशी दुपारी साडेचारला त्यांनी दोन पानं माझ्या हातात ठेवली. कचेरी पाचला बंद होणार होती.

"वाचून सही करा, चिटणीस."

"बाई, तुमचं टाइप आणि मी तपासायचं? सूर्यासमोर काजवा!"

"वाचा," त्या पुन्हा म्हणाल्या. "दोनच पानं आहेत."

मी उभ्या उभ्या सही ठोकली आणि रिक्षा पकडली. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून 'आता खालची ओळ वाचा' म्हणणारा मी, एक ओळसुद्धा न वाचता निघालो.

तीन आठवड्यांनी सुनावणी लागली. त्या दिवशी सकाळी ताई दारातच घुटमळली.

"दादा, आज अर्धा दिवस सुटी हवी होती. कचेरीत काम आहे."

"नेमकं आजच? आज माझी सुनावणी आहे, ताई."

"मलाही आजच बोलावलंय."

कसलं काम, कुणी बोलावलं, मी काही विचारलं नाही. बायकोला आईजवळ बसवलं आणि कुरकुर करत घराबाहेर पडलो.

सुनावणीची खोली लांबट होती. पुढच्या रांगांत आम्ही कॉलनीवाले इस्त्रीच्या कपड्यांत बसलो होतो. दुसऱ्या रांगेत कडेला प्रतबाई, मांडीवर पिशवी घेऊन. त्या येणार असल्याचं बोलल्या नव्हत्या. मागे घरं हवी असलेली माणसं होती; त्यांच्याकडे मी वळूनही पाहिलं नाही. अधिकारी वयस्क होते आणि शिस्तीचे होते. आलेली प्रत्येक हरकत ते आधी स्वतः मोठ्यानं वाचायचे, म्हणजे पुढे कुणी आमचं ऐकलं नाही म्हणायला नको.

त्यांनी आमचा अर्ज उचलला. "'आम्ही खाली सह्या करणारे बंगलेवासी...'" ते थांबले. "तुम्ही बंगल्यात राहता?"

"एक खोली आणि स्वयंपाकघर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. अधिकारी पुढे वाचू लागले.

"'सदर जागी येणारे लोक एकेका खोलीत सात-आठ जण, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह दाटीवाटीने राहतील. त्यांच्या बायका जिन्यात भांडी घासतील. त्यांची मुले आमच्या फाटकांना लोंबकळतील. अशा लोकांना स्वच्छतेची सवय नसते व ती लागण्याची शक्यताही नाही. त्यांच्या येण्याने आमच्या मालमत्तेची किंमत उतरेल. सबब, भूखंड क्रमांक सतरावर इमारती बांधण्यास परवानगी देऊ नये.'"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "हरकत अठरा क्रमांकावर घ्यायची होती. सतरावर तर तुमचीच कॉलनी उभी आहे. ती होऊ देऊ नये असं तुम्ही एकशे त्रेचाळीस जण सह्या करून सांगताय. जरा उशीर झाला हो, एकेचाळीस वर्षांचा."

या वेळी हसायला कुणालाच जमलं नाही. मला तर घाम फुटला होता, पण तो फजितीचा नव्हता. या कॉलनीत आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. एका खोलीत आम्ही सात जण, आजी-आजोबा धरून. पहिली दोन वर्षं मोरीला पाणी चढत नव्हतं, म्हणून आई खालून बादली आणून जिन्यात भांडी घासायची. आणि पलीकडच्या बंगल्यांच्या फाटकांना लोंबकळणाऱ्या पोरांत सगळ्यात पुढे मीच असायचो. बाईंचा नमुना हा होता: आम्ही यायच्या आधीच कुणीतरी आमच्याविषयी असं लिहून ठेवलं होतं. माझी आई कशी असेल, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्याखाली आता माझी सही होती.

"टायपिंगची चूक असेल तर तसं लिहून द्या," अधिकारी म्हणाले. "आठ दिवसांत दुरुस्त अर्ज घेईन. चूक नसेल, तर अठरावर तुमची हरकतच नाही असं धरून पुढे जाईन. चिटणीस कोण?"

मी उभा राहिलो. मास्तरांनी माझी बाही ओढली. "म्हणा चूक आहे! म्हातारीची बुद्धी नाठी झालीय, तिच्यावर ढकला आणि मोकळे व्हा."

मी प्रतबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. माझं एक 'हो' पुरे होतं. आयुष्यभर बिनचूक काम केलेल्या बाईच्या नावावर कचेरीच्या दप्तरात चूक लागली असती, आणि ती त्या निमूट सोसणार होत्या हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नजर चुकवायला म्हणून मी मागे वळलो, तर शेवटच्या रांगेत ताई. शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी, आणि ताईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात टाइप केलेला कागद. ती अक्षरं मी कुठेही ओळखली असती. माझी नजर भिडताच ताईनं मान खाली घातली, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

त्या क्षणी मला न्याय-बियाय काही सुचला नाही, हे कबूल करतो. नुसती लाज वाटली. माझ्या आईचं अंग पुसणाऱ्या बाईनं माझ्याच घरात 'तसले लोक' ऐकून घेतलं होतं आणि वर मास्तरांना बिनसाखरेचा चहा दिला होता.

"चूक नाही, साहेब," मी म्हणालो. "सही माझी आहे."

माझं चिटणीसपद आठवड्याभरात गेलं. ते जाण्याचं दुःख झालं नाही म्हणालो तर खोटं ठरेल. चार महिने जिन्यात लोक मला बघून किल्ल्या शोधायला लागायचे. बाईंचं स्टूलही रिकामं पडलं. ज्यांच्या तीन पिढ्यांचे अर्ज त्यांनी केले, ते आता चौकातल्या संगणकवाल्याकडे जाऊ लागले. बाई खिडकीशी बसून मशीन पुसत राहायच्या. त्यांच्यासमोर बसून काही विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

दोन वर्षांत इमारत उभी राहिली. सोडतीत ताईचं नाव निघालं, दुसरा मजला. आता ती आठला पाच मिनिटं कमी असताना घरातून निघते आणि आठला आमच्या दारात हजर असते. मुलगी शाळेतून आली की गॅलरीतून आईला हात करते, आणि पलंगावरून माझी आई उगाच तिला अभ्यासाला बसायला ओरडते. मास्तरांच्या सायकलीला अजून कुणी हात लावलेला नाही. तशी ती चोरण्याजोगी नाहीच.

ताबापत्र मिळालं त्या दिवशी ताई म्हणाली, "दादा, याच्या प्रती करायच्या म्हणजे बाईंकडेच जायला हवं." तिच्यासोबत मीही गेलो. बाईंनी वर न बघता हात पुढे केला. ताई कागद देणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?"

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्या उठल्या, कपाटातून एक बासन काढलं आणि त्यातला पातळ, पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे ठेवला. कार्बनची निळी अक्षरं. 'आम्ही खाली सह्या करणारे बंगलेवासी.'

"दुकानात होते तेव्हाचा आहे," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांची होते. बंगल्यातले एक गृहस्थ मजकूर घेऊन आले. मी अक्षरं वाचत टाइप केलं. मग उलट तपासायला बसले. उलट वाचताना आकडा आधी आला. सतरा. सतरावरच्या घरासाठी आईनं आणि मी अर्ज केला होता. शेजारच्या मशीनवर माझी मैत्रीण बसायची, तिनंही केला होता."

"मग?"

"मग काय. एक आकडा बदलला असता तर त्यांच्या ध्यानातही आलं नसतं. तेसुद्धा तुमच्यासारखेच, वाचून सही करणाऱ्यांतले नव्हते." त्या खिडकीबाहेर नव्या इमारतीकडे बघत होत्या. "मला वाटलं, कामात खोट कशाला? सगळं होतं तसं दिलं. सहा इमारती व्हायच्या होत्या, चिटणीस. त्या हरकतीवरून सहावी रद्द झाली. तीच जागा पुढे अठरा नंबर झाली, तुमचं मैदान. माझा नंबर तिसरीत लागला. तिचा सहावीत होता."

"कुठे असते ती आता?"

"दुकान सोडून गेली. अख्ख्या कॉलनीच्या प्रती आहेत माझ्याकडे, तिचा पत्ता नाही." बाईंनी तो पिवळा कागद घडी मोडू न देता परत बासनात ठेवला. "त्या गृहस्थांनी शाब्बासकी दिली मला. म्हणाले, एकही चूक नाही. संध्याकाळी आईनं विचारलं, आजचं काम बिनचूक झालं ना गं? मी म्हटलं, हो."

ताईनं ताबापत्र त्यांच्या हातात दिलं. बाईंनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, आणि पहिल्या शब्दापासून सरळ, मोठ्यानं वाचायला लागल्या.